कुकडीच्या खोऱ्यातले कडे वाचायचे कसे

कुकडी नदीच्या खोऱ्यात, जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या डोंगराकडे खालून पाहिलं की पहिली गोष्ट नजरेत भरते ती लेण्यांची रांग. तीसेक लेणी आणि त्यांतली बहुतेक जवळजवळ एकाच पातळीवर. खोदणाऱ्यांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा डोंगर मोकळा होता, तरी त्यांनी तो एकच पट्टा निवडला. त्याच्या खाली गवताळ उतार आहे आणि वर पुन्हा कडा, पण तिथे खोदकाम नाही. शिवनेरीभोवती फिरा, मानमोडीला जा, तुळजा लेण्यांवर जा, सगळीकडे हाच प्रकार दिसेल. लेणी ठरावीक पट्ट्यांतच आहेत. जुन्नरच्या भोवती सुटी खोदकामं दोनशेहून जास्त आहेत, तेव्हा हा योगायोग नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना हा दगड थराथराने ओळखीचा होता.

जुन्नरवर जेवढं लिहिलं जातं त्यातलं बहुतेक राजे, शिलालेख आणि किल्ले यांच्याबद्दल असतं. ते हवंच. पण नाणेघाट तिथेच का, शिवनेरीवर उन्हाळ्यातही पाणी का, चावंड किल्ल्याचा माथा सपाट आणि कडा सरळ का, या सगळ्यांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: लाव्हाचा एक थर संपतो आणि दुसरा सुरू होतो त्या सांध्यात. तो सांधा ओळखता आला की खोऱ्याचा अर्धा इतिहास रस्त्यावरून जातानाच कळू लागतो. हा सगळा लेख त्या सांध्याबद्दल आहे.

एक थर, तळापासून माथ्यापर्यंत

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि पसरला. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी पर्वत इथे कधीच नव्हता. शिवनेरी किंवा जीवधनच्या आकारावरून ‘हा जुना ज्वालामुखी’ असं अनेक जण सांगतात, ते चूक आहे. हे डोंगर म्हणजे एका सलग पठाराचे झीज होऊन उरलेले तुकडे. कोकणातून वर चढत आलेली दरी आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या यांनी मधला भाग नेला, उरलं ते उरलं. म्हणूनच चावंडच्या कड्यात दिसणारी आडवी रेघ खोऱ्यापलीकडच्या हडसरच्या कड्यात पुन्हा सापडू शकते. एकेकाळी तो एकच थर होता.

लाव्हाचा प्रत्येक प्रवाह थंड होताना तळाला, मध्यभागी आणि माथ्याला वेगवेगळा घडतो. अगदी तळाशी, खालच्या थंड आणि बहुधा ओलसर जमिनीला टेकलेल्या भागात, वाफ आणि वायू वर घुसल्याने पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात. त्यांच्यावर घट्ट, काळा, पोकळ्या नसलेला गाभा असतो. विहीर खणणारे याला पाषाण म्हणतात. पहार आपटली की टणकन आवाज येतो आणि सुरुंगाशिवाय हलत नाही तो हाच. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. दगड जाळीदार होतो आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबीसर, क्वचित हिरवट स्फटिक भरतात. हाच मांजऱ्या. हा पाषाणापेक्षा मऊ असतो, लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होतो.

दोन प्रवाहांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर त्या जाळीदार माथ्याची माती झालेली असते. पुढच्या लाव्हाने ती झाकली आणि भाजली. आज ती विटकरी लाल पट्टी म्हणून दिसते, कुठे चार बोटं जाडीची, कुठे पुरुषभर. तिला गेरूचा थर म्हणतात. तिच्यात चिकणमाती भरपूर असते, म्हणून तिच्यातून पाणी सहजासहजी खाली जात नाही. वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरलेलं पाणी या पट्टीवर येऊन अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. सह्याद्रीतले कित्येक झरे याच रेषेवर आहेत.

लाल दिसलं म्हणजे गेरूच असं मात्र समजू नका. पाण्याच्या ओघळाने कड्यावर उतरलेली लाल माती दुरून अगदी तशीच दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. ओघळ उभा असतो आणि खाली जाताना पसरतो. पट्टी आडवी असते, तिची वरची कड धारदार आणि खालची कड हळूहळू मांजऱ्यात मिसळणारी असते. उलट दिसलं, म्हणजे वरची कड पुसट आणि खालची स्पष्ट, तर तो घरंगळलेल्या मातीचा ढीग आहे. हाताशी आलीच तर सुपारीएवढा कोरडा खडा पाण्याच्या भांड्यात टाकून बघा. चिकणमातीचा गेरू थोड्याच वेळात सुटा होऊन तळाशी गाळ बसतो. लोहामुळे नुसता रंग चढलेला दगड तसाच राहतो.

पदर आणि कडा

पाषाण उभा तुटतो, मांजऱ्या आणि गेरू तिरके झिजतात. त्यामुळे पाषाणाचा कडा होतो आणि मऊ पट्ट्याच्या जागी झाडी वाढलेला उतार किंवा सपाट पदर. ट्रेकर ज्याला पहिला पदर, दुसरा पदर म्हणतात ते याच मऊ पट्ट्यांवर बसलेले असतात. आडवी जाणारी जवळपास प्रत्येक गुरांची वाट पदरावरून जाते. नांगरता येणारे तुकडे आणि ठाकरवाड्या पदरावरच असतात. चढाई मात्र कड्यातून करावी लागते, म्हणजे जिथे कडा फुटलाय तिथूनच.

इथे एक चूक नवख्यांकडून हमखास होते. समोर पाच कडे दिसले म्हणून ‘पाच प्रवाह’ असं मोजलं जातं. या भागात बरेच प्रवाह एकसंध नसतात. लाव्हा छोट्या छोट्या जिभांनी पुढे सरकला, एका जिभेवर दुसरी चढली, कुठली हातभर जाडीची तर कुठली दोन माणसांच्या उंचीची. अशा शेकडो जिभा मिळून एक जाड पट्टा होतो आणि त्या पट्ट्याचा मिळून एकच कडा दिसतो. उलट, एकाच जाड प्रवाहात गाभा आणि जाळीदार माथा वेगळे झिजल्याने दोन पायऱ्या पडू शकतात. म्हणून मोजायचं ते कड्यांवरून नाही. तळाच्या उभ्या नळ्या आणि माथ्याचा गेरू या दोन खुणा सापडल्या तरच नवा प्रवाह धरायचा.

भूवैज्ञानिकांनी सह्याद्रीच्या या थरांना गट पाडून नावं दिली आहेत. नाशिक ते महाबळेश्वर सगळे थर एकावर एक रचून मोजले तर जाडी सुमारे तीन किलोमीटर भरते. जुन्नर–मंचर भाग खालच्या, म्हणजे कळसूबाई उपगटात येतो. दुर्बीण नसतानाही ओळखता येईल असा एक खुणेचा थर याच परिसरात आहे, त्याला मंचर गावाचंच नाव दिलेलं आहे. काळसर दगडात दोन ते पाच सेंटिमीटर लांबीच्या फिकट, चपट्या, फेल्डस्पार या खनिजाच्या कांड्या विखुरलेल्या असतात. जमिनीखालच्या कोठीत लाव्हा बराच काळ थांबला तेव्हा एवढे स्फटिक वाढायला अवधी मिळाला. असे थर सह्याद्रीत मोजकेच आहेत, त्यामुळे दोन डोंगरांतले थर जुळवताना त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही. स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्यांशी यांची गल्लत करू नका. पोकळीतला भराव गोलसर किंवा बदामी असतो, कांडी सरळ कडांची असते.

लेण्यासाठी दगड निवडताना

लेणं खोदायचं तर तीन गोष्टी लागतात: छत पेलेल असा सलग दगड, छिन्नीला दाद देईल एवढा मऊपणा आणि आत पाणी न झिरपण्याची खात्री. या तिन्ही एकत्र मिळणं कठीण असतं. अगदी घट्ट पाषाण मजबूत, पण त्यात थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा असतात. त्या दाट असतील तर छताचे ठोकळे सुटतात. मांजऱ्या कोरायला सोपा, पण फार जाळीदार असला तर धार धरत नाही. सगळ्यात बरा तो जिभांनी बनलेला जाड पट्टा. त्यात भेगा विरळ असतात, पोकळ्या बारीक असतात आणि त्या स्फटिकांनी भरलेल्या असल्याने दगड एकजीव राहतो.

लेण्याद्रीचं सातवं लेणं, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे, ते या निवडीचा सगळ्यात ठळक पुरावा. सुमारे ५७ फूट खोल आणि ५१ फूट रुंद दालन, तीन बाजूंना मिळून वीस खोल्या आणि मध्ये एकही खांब नाही. पंधरा मीटरहून जास्त रुंदीचं सपाट छत खांबाविना दोन हजार वर्षं उभं आहे. आत गेल्यावर मूर्तीकडे पाहून झालं की मान वर करा. छताला आरपार जाणारी भेग शोधा. किती कमी सापडतात ते बघा. नंतर शेजारच्या छोट्या लेण्यांत जाऊन तीच तपासणी करा, म्हणजे मोठं दालन नेमकं तिथेच का काढलं हे कुणी सांगावं लागणार नाही.

खोदकाम वरून खाली होत असे. आधी छताची पातळी ठरवायची, समोरून आत एक चिंचोळी फट न्यायची, छत साफ करायचं आणि मग खाली उतरत जायचं. परांची बांधावी लागत नाही, काढलेला दगड पायाखालून बाहेर ढकलता येतो. या पद्धतीत एक धोका आहे. छताची पातळी एकदा ठरली की बदलता येत नाही. खाली उतरताना मध्येच गेरूची पट्टी लागली तर भिंतीचा खालचा भाग कायमचा ठिसूळ होतो. जुन्नरच्या डोंगरांत अर्धवट सोडलेली खोदकामं आहेत. प्रत्येकाचं कारण दगडच असेल असं नाही, पैसा संपला, आश्रयदाता गेला असंही होत असणार. पण अर्धवट लेण्यात शिरलात की मागच्या भिंतीत मऊ पट्टी आहे का, छतात तिरकी भेग आहे का, हे आधी पाहा.

जुन्नरच्या पश्चिमेला असलेल्या तुळजा लेण्यांत बारा खांबांचं गोल चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) आहे, फार जुनं आणि फार देखणं. त्याचा दर्शनी भाग ढासळून गेलेला आहे. कड्याच्या अगदी तोंडाजवळचा दगड नेहमीच सगळ्यात दुबळा असतो. कड्याला समांतर भेगा तिथे उघडतात, पावसाळ्यात त्यांत पाणी आणि मुळं शिरतात आणि शतकानुशतकांनी एक पापुद्रा निसटतो. म्हणून सह्याद्रीत ओसरी, पुढचे खांब आणि कमानी गेलेली, पण आतलं दालन शाबूत असलेली लेणी एवढी जास्त दिसतात. सगळं खापर आक्रमकांवर फोडण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. घणाने फोडलेल्या जागी आघाताचे खड्डे असतात. आपोआप सुटलेली जागा गुळगुळीत, मोठ्या सपाट पृष्ठभागाची असते आणि तिच्यावर बहुधा तपकिरी लोहाचा लेप असतो, कारण तुटण्याच्या कितीतरी आधीपासून त्या भेगेतून पाणी जात होतं.

शिलालेख वाचणाऱ्यांना पोकळ्यांचा वेगळाच ताप होतो. ब्राह्मीतला अनुस्वार म्हणजे एक टिंब. लाव्हातला बुडबुडाही टिंबाएवढाच. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उजेडात पाहिलं तर फरक कळतो. कोरलेल्या टिंबाच्या कडेला छिन्नीची उतरण असते, बुडबुड्याची भिंत आतून गोल आणि गुळगुळीत असते, तळाला अनेकदा पांढरा स्फटिक चिकटलेला असतो. मोबाइलचा दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला तरी काम होतं. समोरून मारलेला फ्लॅश निरुपयोगी, त्यात अक्षरं सपाट होऊन जातात. अक्षरांवर खडू, पाणी किंवा तेल कधीही लावू नका.

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेवर सविस्तर लिहिलं आणि त्याच दशकात जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांच्या नकलाही प्रसिद्ध केल्या. दगड आणि लेख एकाच नजरेने पाहणारा असा माणूस या खोऱ्याला सुरुवातीलाच मिळाला होता. पुढे दोन्ही अभ्यास वेगळे झाले आणि ते आपलं नुकसान आहे, असं मला मनापासून वाटतं.

पाणी

मानमोडीच्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्या दानात मंडपासोबत पाण्याचं टाकंही आहे. लेण्याएवढंच टाकं महत्त्वाचं होतं. शिवनेरीवरची गंगा–जमुना, चावंडवरची एकमेकांना लागून खोदलेली सात टाकी, नाणेघाटाच्या वाटेवरची टाकी, ही सगळी दोन प्रकारांत मोडतात आणि हा फरक ओळखणं फार उपयोगाचं आहे.

पहिला प्रकार पावसाच्या पाण्यावरचा. माथ्याच्या सलग पाषाणात खोदलेलं, भोवतालच्या कातळावरून चर काढून पाणी आणलेलं टाकं. दगडात भेग नसल्याने गळत नाही, पण भर पडते ती फक्त पावसाळ्यात. दुसरा प्रकार झऱ्याचा. हे टाकं कड्याच्या पोटात, सांध्याच्या पातळीवर असतं आणि मागच्या भिंतीतून पाणी झिरपत राहतं. ओळखायचं असं: एप्रिल–मे महिन्यात जा. झऱ्याच्या टाक्यात पाण्याची ओली रेघ आणि प्रत्यक्ष पातळी यांत फारसं अंतर नसतं, पाणी गार असतं, मागच्या भिंतीवर शेवाळ आणि नेच्याची रोपं आडव्या रांगेत असतात. पावसाच्या टाक्यात भिंतीवर पांढुरक्या रेघांची चळत दिसते, पातळी महिन्या–महिन्याला खाली गेल्याची खूण. उघड्या टाक्यातलं पाणी आपल्याकडे वर्षाकाठी दीड–दोन मीटर नुसतं वाफ होऊन जातं. खोल कपारीत छताखाली खांब सोडून खोदलेल्या टाक्यांचं शहाणपण इथे आहे. सावलीमुळे वाफ कमी होते आणि मधल्या खांबांमुळे छत टिकतं.

आजच्या दुरुस्तीत एक गोष्ट वारंवार चुकते. टाकं गळतं म्हणून आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारला जातो. झऱ्याच्या टाक्यात असं केलं की मागच्या भिंतीतली वाटच बुजते. पाणी दुसरीकडून फुटतं आणि गिलाव्यामागे दाब साठून तो पापुद्र्याने सुटतो. आधी गाळ काढावा, एक उन्हाळा पातळी मोजावी आणि मग गळणारी नेमकी भेग तेवढीच बुजवावी. सिमेंटपेक्षा चुन्याचा मसाला बरा, तो दगडाबरोबर थोडा हलतो.

किल्ल्यांच्या वाटा

हडसरच्या कड्यात जिथे नैसर्गिक फट होती तिथेच पायऱ्या आणि दरवाजे खोदून काढले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाट दिसतच नाही. ही हुशारी आहे, आणि खर्चाची बचतही. फटीतला दगड आधीच खिळखिळा असल्याने काढायला सोपा, दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र शाबूत. चावंड आणि जीवधनला वाट कड्यात कोरलेल्या पायऱ्यांवरून जाते. मराठेशाही संपल्यावर, १८१८ च्या सुमाराला, इंग्रजांनी या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. सगळा किल्ला पाडायची गरजच नव्हती. पाषाणाचा एक सलग कडा आणि त्यातून जाणारी एकच वाट, तेवढी तोडली की गड निकामी.

जीवधनच्या शेजारचा वानरलिंगी सुळका साडेतीनशे फुटांच्या वर आहे. तो कुठून वेगळा आला नाही. मूळ कड्याचाच भाग आहे. दोन उभ्या भेगांच्या मधला दगड टिकला, भेगेलगतचा झिजून खाली गेला. जवळून पाहिलंत तर सुळक्यातल्या आडव्या रेषा आणि कड्यातल्या रेषा एकाच पातळीवर जुळतात.

नाणेघाट

घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खोऱ्याचा स्वभाव एका नजरेत कळतो. पश्चिमेला सुमारे सातशे मीटर खाली वैशाखऱ्याचं कोकण. पूर्वेला जेमतेम उतार, आणि थोड्याच अंतरावर पूर गावी कुकडेश्वराच्या देवळाजवळ कुकडी उगम पावते. तिथून पाणी अरबी समुद्राकडे न जाता घोड आणि भीमेतून पार बंगालच्या उपसागराकडे निघतं. कोकणातले ओढे तीव्र उताराचे असल्याने मागे मागे खात येतात. कुकडी मात्र आपल्याच कडेवर जन्मलेली संथ नदी आहे, म्हणून तिचं खोरं रुंद आणि शेतीला सोयीचं झालं. कल्याण–सोपाऱ्याच्या बंदरातून पैठणकडे जाणारा व्यापार याच खोऱ्यातून गेला यात नवल नाही. बैलांना सातशे मीटरची चढण एकदाच, पुढे सगळा सपाट मार्ग.

कड्यात खिंड का पडली? घाटमाथ्यावरच्या नाळा, म्हणजे अरुंद घळी, बहुधा दाट उभ्या भेगांच्या पट्ट्यावर किंवा लाव्हाच्या उभ्या भिंती जिथे घुसल्या आहेत त्यांच्या कडेने तयार होतात. तिथे पाणी शिरतं, ठोकळे सुटतात, खाच वाढत जाते. माणसाने पुढे ती रुंद केली आणि फरसबंदी घातली. खिंडीच्या थोडं खाली सातवाहन राणी नागनिका हिचा लेख असलेलं लेणं आहे. यज्ञ आणि दानांची यादी, त्यात आकड्यांची फार जुनी रूपं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या, आज नावं आणि पावलांचे अवशेष उरले आहेत. वर खिंडीत दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात तो.

नानाचा अंगठा म्हणतात त्या घाटाशेजारच्या कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभं राहणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: वरचा थर टणक, खालचा झिजलेला, म्हणजे टोक बाहेर लोंबतं आहे. कड्याला समांतर भेगा मागे दोन–तीन मीटरपर्यंत असू शकतात आणि गवताखाली दिसत नाहीत. भेगेच्या अलीकडे राहा. पावसाळ्यात इथे धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं ते याच कड्यामुळे. कोकणातून आलेल्या वाऱ्याला सातशे मीटरच्या भिंतीवर आपटून वरच जावं लागतं आणि पातळ धार असली की तो तिला उचलून नेतो. मोठी धार उलटत नाही, म्हणून भर पुरात जाऊन उपयोग नाही.

नदी खाली गेल्यावर

जुन्नरच्या पूर्वेला कडे मागे पडतात, पण कथा थांबत नाही. बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि तो दख्खनच्या लाव्हाचा नाही. लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, ही राख त्यामानाने कालची. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. वयावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राखेतल्या काचेच्या रसायनावरून काहींनी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली, काही मोजमापं तिला सहा–सात लाख वर्षांच्याही मागे नेतात. हा वाद मोठा आहे कारण त्याच गाळात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राखेचं वय बदललं की इथल्या माणसाचं वय बदलतं. काठावर पांढरा थर दिसला की राखच असं नाही, चुनखडीचे खडे कितीतरी जास्त आहेत. चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस टाका. चुनखडी फसफसते, राख काही करत नाही. भिंगातून पाहिलं तर राखेत काचेचे वक्र तुकडे चमकतात.

आणखी खाली निघोजला याच कुकडीने पात्रात रांजणखळगे कोरले आहेत. जाळीदार दगडात आधी छोटा खड्डा पडतो, पुरात त्यात गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर फिरतात आणि खड्डा खोल होत जातो. उन्हाळ्यात तळाशी ते गोटे अजून सापडतात, नेहमीपेक्षा जास्त गोल. पात्र कोरडं दिसत असलं तरी वरच्या धरणातून पाणी सोडलंय का, हे गावात विचारूनच खळग्यांत उतरा.

पदरावरचा धोका

३० जुलै २०१४ ला शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तो कड्यातून सुटलेला दगड नव्हता. पदरावर साठलेली मुरूम–मातीची जाड थप्पी अतिवृष्टीत पाणी पिऊन खालच्या पाषाणावरून सरकली. आपले पदर सुपीक आहेत ते याच थप्पीमुळे, आणि धोकाही तिच्यातच आहे. उतारावर नवीन चंद्रकोरीसारखी भेग, वाकलेली झाडं, नेहमीच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा तो नव्या जागी फुटणं, घराच्या जोत्याला तिरका तडा, ही लक्षणं दिसली तर पाऊस थांबायची वाट न पाहता तिथून हलायचं आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. जेसीबीने उताराचा पायथा कापून सपाटी करणं सगळ्यात वाईट, कारण थप्पीला अडवून धरणारा भाग तोच असतो. वरच्या बाजूला पाणी मुरवणारे चर काढतानाही हा उतार वगळायला हवा. जलसंधारणाचा चर प्रत्येक डोंगरावर चालतो हा समज घातक आहे.

बघायला जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. लेण्याद्रीची रांग दक्षिणेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यातलं कललेलं ऊन लेण्यांत आतवर जातं. थरांच्या रेषा बघायच्या तर मार्चअखेरीस, गवत वाळल्यावर. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, दुर्बीण, होकायंत्र आणि एक मोजपट्टी पुरते. आधी खोऱ्याच्या एका बाजूने समोरच्या डोंगराचा फोटो काढा, त्यावर कडे, पदर आणि लाल रेषा आखा आणि मग प्रत्यक्ष चढून त्या रेषांची उंची नोंदवा.

उंची मोजताना फसगत होते ती अशी. मोबाइलचा जीपीएस कड्याखाली आकाश झाकल्यामुळे सहज वीस मीटरने चुकतो. हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ बरं, पण दाब दिवसभरात आपोआप तीनेक मिलिबारने वर–खाली होतो आणि एक मिलिबार म्हणजे साधारण नऊ मीटर. सकाळी पायथ्याला लावलेली उंची दुपारी पंचवीस मीटरने खोटी ठरते. दर दोन तासांनी माहीत असलेल्या उंचीवर येऊन पुन्हा जुळवा. दुसरी गोष्ट, थर अगदी आडवे नाहीत. सह्याद्रीच्या या भागात ते दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, एका अंशाहूनही कमी. पाव अंश धरला तरी किलोमीटरमागे सव्वाचार मीटर होतात. पाच किलोमीटर दूरच्या डोंगरावर तोच थर वीसेक मीटर खाली–वर सापडला तर तो वेगळा समजू नका.

हातोडी मात्र घरी ठेवा. लेणी आणि शिवनेरी संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार त्यांच्याभोवतीचे शंभर मीटर बांधकाम आणि खाणकामासाठी प्रतिबंधित, पुढचे दोनशे मीटर नियंत्रित आहेत. स्फटिक हवे असतील तर नव्या विहिरीच्या किंवा खडीच्या ढिगाऱ्यात मालकाला विचारून शोधा. ताज्या फोडलेल्या मांजऱ्यात ते कड्यापेक्षा कितीतरी स्वच्छ मिळतात. भिंतीतून उचकटलेल्या स्फटिकामागे उरलेल्या खड्ड्यात मात्र पुढच्या पावसाळ्यापासून पाणी मुरायला लागतं.